शुगरची वही आणि आपली मुलं (टाईप १ मधुमेह)

शेवंती

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी तिला टाईप १ मधुमेह निघाला, म्हणजे इन्सुलिन रोज बाहेरूनच टोचून द्यावं लागतं तो. गणपतीचे दिवस होते. पोरगी तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची, रात्री उठून परत प्यायची. गादी ओली करणं कधीच सुटलेलं, ते पुन्हा सुरू झालं. त्यावरून मी तिला रागावले होते, ते आजही टोचतं. गौरीला शिवलेला फ्रॉक आठ दिवसांत ढगळ झाला. मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागल्यात हे पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिलं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मग पोटदुखी आणि उलट्या. जवळच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून दोन दिवस औषध दिलं, साखर-मीठ-पाणी पाजायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकायला लागली आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ५४०. चार दिवस आयसीयूत होती. बोटाला टोचून एक थेंब रक्त तपासलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हे सगळं मागे पडलंय, निदान मला तसं वाटत होतं. आता सोमवारची गोष्ट. रात्री तिची शुगरची वही चाळत होते. आम्ही दिवसातून चार वेळा तपासतो आणि हल्ली ती स्वतःच लिहिते. आठवडाभराचे आकडे इतके नीट की बस: ११२, १२४, ११८. मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळा आला. शुगर मोजायच्या मीटरची मेमरी उघडली. वहीत जिथे ११८ होतं तिथे मीटरमध्ये २८६.

ओरडले नाही. जवळ घेऊन विचारलं. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसली. मग म्हणाली, "दोनशेच्या वर लिहिलं की तू आणि बाबा भांडता."

दोन रात्री झोप नाही. इन्सुलिन, वजनकाटा, डबा, सुई, सगळं आम्ही शिकलो. पोरीच्या मनात काय चाललंय ते मात्र विचारायचंच राहिलं. तुमच्या घरी असं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः असं मूल होतात, तर सांगाल का? मुलांचं म्हणणं काय असतं?

कोयनाकाठ

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या चिरंजीवांना चौथ्या वर्षी निघाला, आता सात पूर्ण.

सुरुवातीला इंजेक्शन म्हणजे रोजचं युद्ध. मी धरायचो, आई टोचायची आणि तिघंही रडायचो. एके दिवशी त्याने आपल्या कापडी वाघाला इन्सुलिनच्या पेनची टोपी लावून "वाघोबा, दोन युनिट, हलायचं नाही" म्हटलं. त्या दिवसापासून आधी वाघोबाला, मग याला. घरात युद्ध संपलं. लहान मुलांना खेळातून कळतं तितकं सांगून कळत नाही.

एक चूक मात्र सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तो पोटावर डाव्या बाजूला एकाच जागी घ्यायचा. "तिथे दुखत नाही बाबा" म्हणायचा, म्हणून आम्हीही तिथेच द्यायचो. मग शुगर कशीही उड्या मारायला लागली. डोस वाढवला तरी फरक नाही. डॉक्टरांनी पोटावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, इथे गाठ झालीय बघा, इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. दुखत नव्हतं ते याचमुळे. आता सोमवारी उजवी मांडी, मंगळवारी डावी, असा तक्ता फ्रिजवर लावलाय आणि त्यावर शिक्का मारायचं काम त्याचं.

हापूसवाला

शेवंतीताई, तुमच्या लेकीची गोष्ट वाचून हसू आणि डोळ्यात पाणी एकदमच आलं. मी आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे. १९८९ साली, अकराव्या वर्षी निघाला. गाव रत्नागिरीजवळ.

तेव्हा घरात मीटर कुठला? बेनेडिक्टचं निळं द्रावण असायचं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे मोजून थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटेसारखं लाल झालं की संपलंच. काचेची सिरिंज आई पातेल्यात उकळायची. ती काच पातेल्याच्या तळाला लागून किणकिण वाजायची. तो आवाज आला की मी माडीवर पळायचो. सुई जाड, पुन्हा पुन्हा वापरलेली. आजच्या पेनच्या सुया पाहिल्या की वाटतं, आईला या मिळायला हव्या होत्या.

मी काय करायचो सांगू? नळीत लघवीऐवजी साधं पाणी टाकायचो. रंग निळा! आई खूश, आजी देवापुढे साखर ठेवायची. महिनाभर चाललं. ऐन मे महिन्यात तीन आंबे चापून खाल्ल्यावरसुद्धा नळी निळीशार निघाली, तेव्हा आईने मला धरलं. मारलं नाही. नळी खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "लाल आलं तर मला कळतं किती द्यायचं. निळं आलं तर मी आंधळी." हे मी जन्मात विसरलो नाही.

तुमच्या लेकीने तुम्हाला फसवलं नाही ताई, घर सांभाळलं. नऊ वर्षांच्या मुलीने घराची शांतता स्वतःच्या अंगावर घेतली. तो भार तेवढा उतरवा.

आणि एक. आमच्या घरी अजूनही "चांगली शुगर", "वाईट शुगर" हे शब्द चालत नाहीत. जास्त, कमी, ठीक, बस. आकडा वाईट म्हटला की मुलाला वाटतं आपणच वाईट.

निरांजन

अगदी खरं. आमच्याकडे दवाखान्यातून एचबीए१सीचा (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट आला की मुलगी विचारायची, "पास का नापास?"

सोलापुरी बाबा

हापूसवाला दादा, दंडवत.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा. गाव आडवळणी, उन्हाळ्यात पारा ४२-४३ आणि वीज कधी जाईल नेम नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. वापरात काढलेलं फार ऊन-उकाडा नसेल तर बाहेर चालतं, साधारण २८ दिवस. पण आमच्या घरातला उकाडा म्हणजे भट्टी. तर एक मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात डब्यात बंद केलेलं इन्सुलिन, वरून ओलं फडकं. वाळूवर रोज दोनदा पाणी शिंपडायचं काम पोरगा करतो. पाहुणे आले की अभिमानाने दाखवतो, "हा माझा फ्रिज."

खर्चाचं बोललंच पाहिजे. मी हमाली करतो. आम्ही दिवसाला मीटरच्या चार पट्ट्या कुठून वापरणार? दोन वापरतो. एकदा पोरगा म्हणाला, "बाबा, आज नको तपासायला, मला बरं वाटतंय, पट्टी उद्याला राहील." अकरा वर्षांच्या पोराने पट्ट्यांचा हिशोब करावा? जिल्हा रुग्णालयात इन्सुलिन फुकट मिळतं, कधी असतं कधी नसतं. पट्ट्यांची सोय नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा.

बालविभाग सिस्टर

@सोलापुरी बाबा, संस्थांच्या मदतीवर जरूर चौकशी करा. नागपूरची ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब घरच्या टाईप १ मुलांना इन्सुलिन आणि साहित्य देते. छत्रपती संभाजीनगरची उडान ही संस्था मराठवाड्यातल्या मुलांसाठी काम करते. केरळ सरकारची तर "मिठायी" नावाची योजनाच आहे. त्यात मुलांना इन्सुलिन पेन, सेन्सर (अंगावर लावून सतत शुगर दाखवणारा), काहींना पंपसुद्धा (अंगावर लावून इन्सुलिन देणारं यंत्र) मिळतो. आपल्या राज्यात असं काही व्हावं यासाठी पालकांनी एकत्र येऊन मागायला हवं.

मी बालरुग्ण विभागात बरीच वर्षं आहे. दोन गोष्टी कळकळीने सांगते.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन ४० ताकदीचंही (एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट) मिळतं आणि १०० चंही. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी टोपीची. एका आजोबांनी १०० ची कुपी आणली आणि घरातली लाल टोपीची सिरिंज वापरली. दहाच्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे दहाऐवजी पंचवीस युनिट गेले. मूल बेशुद्ध आलं, देवाच्या कृपेने वाचलं. कुपी घेताना दरवेळी आकडा वाचा. मेडिकलवाल्याने दिलं म्हणून बरोबरच असेल असं धरू नका.

दुसरं, मूल आजारी आहे, जेवत नाही, म्हणून इन्सुलिन बंद करू नका. डोस कमी-जास्त होईल, तो डॉक्टरांना फोन करून ठरवा. पण बंद कधीच नाही. आमच्याकडे सगळ्यात गंभीर अवस्थेत येणारी मुलं बरेचदा याच चुकीची असतात.

आनंदयात्री

माझ्या ओळखीत एका मुलाचा मधुमेह एका वैद्यांच्या काढ्याने पूर्ण गेला. इन्सुलिन बंद आहे. कुणाला हवा असल्यास पत्ता देतो. मुलांना रोज टोचणं बघवत नाही, म्हणून सांगतोय.

कोयनाकाठ

@आनंदयात्री, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय यात शंका नाही. पण कृपा करून पत्ता देऊ नका. मी त्या वाटेने जाऊन आलोय.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशी थोडं काम करायला लागतात. डोस एकदम उतरतो, काही मुलांना दिवसाला एक-दोन युनिट पुरतात. डॉक्टर त्याला हनिमूनचा काळ म्हणतात. आम्ही नेमके त्याच काळात एकाकडे गेलो. त्यांनी पुड्या दिल्या, इन्सुलिन सोडा म्हणाले. पहिले तीन दिवस शुगर १४०-१५०. आम्ही पेढे वाटले. सहाव्या दिवशी मुलगा आयसीयूत.

टाईप १ मध्ये शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. हनिमून संपतोच. शुद्धीवर आल्यावर मुलाचा पहिला प्रश्न होता, "आता परत सुई घ्यायची ना?" मी हो म्हटलं, तर म्हणाला, "बरं." त्याला सुटका हवी नव्हती, त्याला बरं वाटायला हवं होतं.

आनंदयात्री

हे माहीत नव्हतं. माफ करा. त्या मुलाच्या वडिलांना आजच फोन करतो.

ऑफस्पिनर १६

आईने हा धागा वाचायला दिला. मी दहावीत आहे, दहाव्या वर्षापासून टाईप १. सगळे पालकच लिहितायत, म्हणून मी लिहितो.

लो होतं, म्हणजे शुगर फार उतरते, तेव्हा कसं वाटतं ते सांगतो. आधी ओठांना मुंग्या येतात. मग हात थरथरतात, घाम सुटतो आणि पुस्तकातली अक्षरं सरकायला लागतात. आणि राग येतो. कारण नसताना राग. तेव्हा कुणी "लो झाला का रे?" विचारलं की आणखी राग येतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा मी खरंच लो असतो. त्यामुळे माझ्या मित्रांनी विचारणं सोडलंय. ते गुपचूप ग्लुकोजची पुडी समोर ठेवतात. एवढंच करायचं असतं.

हाय असतं तेव्हाचं कुणी विचारत नाही. तेव्हा अंग जड होतं, तोंड कोरडं पडतं, पाच मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं आणि सर म्हणतात, "आत्ताच गेला होतास ना?"

दंडावर सेन्सर आहे. त्याचा आकडा आईच्या मोबाईलवरही दिसतो. आधी तासाला चालू वर्गात फोन यायचा, "१९० दिसतंय, काय खाल्लंस?" मला वाटायचं मी काचेच्या बरणीत राहतो. खूप भांडलो. मग आम्ही ठरवलं, ७० च्या खाली गेलं तरच फोन, बाकी रात्री जेवताना एकदाच बोलायचं. आईला हे जड गेलं असणार, मला माहीत आहे. पण तिने पाळलं. तेव्हापासून मी खरं सांगतो. पाणीपुरी खाल्ली तर पाणीपुरी सांगतो.

वसीम अक्रमला तिशीच्या आसपास टाईप १ निघाला आणि त्यानंतरही तो कित्येक वर्षं खेळला. टेनिसचा झ्वेरेव तर लहानपणापासून इन्सुलिन घेतो. सामन्याआधी मी शुगर बघतो, ड्रिंक्सच्या वेळी परत बघतो. गेल्या महिन्यात चार विकेट काढल्या. हे सांगायचंच होतं.

शेवंती

बाळा, चार विकेटबद्दल अभिनंदन! तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. "काचेची बरणी" ऐकल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. मी काय समजायचं ते समजले.

वर्गशिक्षक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझी बाजूही नोंदवतो.

सातवीत एक हुशार मुलगी होती. एकदा परिपाठाला उभी असताना पांढरीफटक पडली. घामाने वेणी भिजलेली. मला वाटलं उपाशी आली असेल, म्हणून सावलीत बसवलं. बोलायला लागली तर शब्द अडखळत होते. तिच्या मैत्रिणीने दप्तरातून साखर काढून तिच्या तोंडात घातली. दहा-पंधरा मिनिटांत पोरगी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "सर, कुणाला सांगू नका."

घरी गेलो तेव्हा कळलं. आजीची सक्त ताकीद होती, शाळेत कळता कामा नये, उद्या लग्न जमणार नाही. मुलगी रोज शाळेच्या संडासात कडी लावून इन्सुलिन घ्यायची. त्या संडासाची अवस्था मला माहीत आहे. मला रात्रभर ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आईवडिलांशी तीनदा बोललो. आजीशीही बोललो. शेवटी आजीनेच विचारलं, "लपवून पोर गेली तर लग्न कुणाचं करणार?" आणि परवानगी दिली.

मग वर्गात तिने स्वतः उभं राहून सांगितलं. मुलांनी काय विचारलं असेल? "खूप दुखतं का?" आणि "आम्हाला होईल का, चिकटतं का?" झालं. त्यानंतर ती माझ्या टेबलाजवळ बसून इन्सुलिन घ्यायची आणि एक मुलगा डब्याची घंटा व्हायच्या आधी तिला आठवण करायचा. माझ्या खडूच्या खोक्याशेजारी आजही साखरेची बाटली असते.

शिक्षकांना हे डी.एड.ला कुणी शिकवत नाही. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं. टाईप १ मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या, परीक्षेत गोळ्या, पाणी, मीटर जवळ ठेवू द्या, असं त्यात आहे. सीबीएसईने तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत खाऊ नेण्याची मुभा दिलीय. पत्राची प्रत आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

निरांजन

सर, तुमच्यासारखे शिक्षक सगळ्यांना मिळोत. आमच्या शाळेने "जबाबदारी आमची नाही" असं लिहून घेतलं आणि सहलीला नेलं नाही. मुलगी त्या दिवशी शाळेचा गणवेश घालून घरी बसून राहिली. काढतच नव्हती.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीतून लिहितेय. मुलगा आठ वर्षांचा. इथे सेन्सर आणि पंप आरोग्य विम्यातून मिळतात, त्यामुळे सोलापुरी बाबांचं वाचून अपराधी वाटलं. साधनं असली तरी मुलाचं एकटेपण मात्र सुटलं नव्हतं. त्याला वाटायचं जगात असा तो एकटाच. मग टाईप १ मुलांच्या शिबिराला गेला. जेवणाआधी तीस मुलांनी एकदम पंप काढले आणि बटणं दाबली. घरी आल्यावर म्हणाला, "आई, तिथे सगळे माझ्यासारखे होते, म्हणून मी कुणीच वेगळा नव्हतो."

पुण्यात सुट्टीला आलो की नातेवाईक एकच विचारतात, लहानपणी फार गोड दिलंत का? गोड खाण्याने टाईप १ होत नाही हे मी दरवेळी सांगते. तो शेजारीच उभा असतो आणि त्याला मराठी समजतं, हे लोक विसरतात.

निरांजन

एक सोपा प्रश्न. होळीला पुरणपोळीचं काय करता? दरवर्षी मुलगी नुसतं ताट बघत बसते.

हापूसवाला

द्या की! कणीक, डाळ आणि गूळ शिजवण्याआधी वजन करून ठेवा, एकूण पोळ्यांनी भागा. एका पोळीचे कर्बोदक निघतात. कणकेचे साधारण शंभरात सत्तर ग्रॅम धरा, गूळ मात्र जवळजवळ सगळाच साखर. त्याप्रमाणे डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, इन्सुलिन जेवणाआधी द्या. एक पोळी, वर तूप, मजेत.

लो झाल्यावर मात्र पुरणपोळी किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. तेव्हा साधी साखर किंवा ग्लुकोज.

बालविभाग सिस्टर

+१. ७० च्या खाली गेलं की मोठ्या मुलांना तीन छोटे चमचे साखर पाण्यात, लहानग्यांना वजनाप्रमाणे कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना.

परवा १४ नोव्हेंबर. आपल्याकडे बालदिन, आणि इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंगचा जन्मदिवसही तोच, म्हणून जागतिक मधुमेह दिन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला पहिलं इन्सुलिन ज्याला दिलं गेलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा मुलगाच होता. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवायचे. आमच्या वॉर्डातल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती हमखास विचारतात, "मग तो बरा झाला का?" मी सांगते, तो आणखी तेरा वर्षं जगला, आणि तुमच्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं औषध आहे.

सोलापुरी बाबा

सिस्टर, संभाजीनगरला फोन लागला. पुढच्या महिन्यात पोराला घेऊन बोलावलंय. तुमचे उपकार कसे फेडू?

शेवंती

सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायला हवं, पण आज एवढंच लिहिते.

रविवारी आम्ही तिघं बसलो. तिच्या बाबांनी तिला सांगितलं की आमची भांडणं तुझ्या आकड्याची नाहीत, आमच्या भीतीची आहेत, आणि ती आता तुझ्यासमोर होणार नाहीत. ती म्हणाली, "मागे पण नको." बाबा गप्प झाले, मग हो म्हणाले.

नवीन वही आणली. आकड्याशेजारी तिने स्वतःच एक रकाना आखलाय, त्यावर लिहिलंय "का". काल संध्याकाळची नोंद अशी आहे:

३०१. का: प्राचीच्या वाढदिवसाला दोन पेस्ट्री. दुसरी खूप छान होती.

खाली मी फक्त दुरुस्तीचा डोस लिहिला.